राहून गेलेलं कुलूप

वंदनाताई कोड मोठ्यानं वाचायच्या. परभणीजवळच्या मानवत गावात भाड्याच्या एका खोलीत बसून आम्ही दोघं पुण्याच्या कंपनीचं काम करायचो. मी नवा, त्या दहा वर्षं मुरलेल्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई फोनवर कुणाशी तरी भांडतायत. "ह्यानं यादी हातात घेतली. आता दुसरा बी आलाय. मग त्याला कोण थांबवायलाय?" समोर फक्त स्क्रीन होता.

आमचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या प्रोग्रॅमचं. एकदा एका दवाखान्यातून तक्रार आली. सोनोग्राफी चालू असताना चित्र गोठलं होतं. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तपासणीला आलेली गरोदर बाई बाळाचे ठोके थांबले असं समजून रडत राहिली.

मी कोडमध्ये एका ठिकाणी क्षणभराचा विराम घातला. गोठणं थांबलं. पुण्याचे साहेब खूश. ताई म्हणाल्या, "गेलं न्हाई ते. लपलंय."

तीन दिवस त्या वाचत राहिल्या. चौथ्या दिवशी दुपारी आवाज थांबला; चूक सापडली होती. ड्रायव्हरची दोन कामं एकाच वेळी चालतात आणि मेमरीचे तुकडे एकाच यादीतून घेतात. एकानं यादीला हात लावला की दुसऱ्यानं थांबावं, म्हणून तिला कुलूप घालतात. सगळीकडे ते होतं, फक्त एका जागी राहून गेलं होतं. त्यामुळं एका कामानं टाकून दिलेला तुकडाच कधीतरी दुसरं काम पडद्यावर लावायला जायचं.

कुलूप राहिलेली ती ओळ कुणी लिहिली ते मी शोधलं. नाव ताईंचंच निघालं, सहा वर्षांपूर्वीचं. आणि आता याच आठवड्यात गटप्रमुखाची निवड होती, आणि ती त्यांचीच होणार हे सगळे धरून चालले होते. मी म्हणालो, "ताई, नुसतं 'कुलूप घातलं' एवढंच लिहा. कोण बघतंय?"

"दवाखान्यातल्या त्या बाईनं बघितलंय की," त्या म्हणाल्या. दुरुस्तीखाली त्यांनी लिहिलं, 'इथं कुलूप राहिलं होतं. चूक माझी.' माझा विरामही काढायला लावला.

दवाखान्यातलं चित्र पुन्हा गोठलं नाही. गटप्रमुख मात्र दुसराच झाला.

वर्षभरानं त्या परभणीच्या एका कॉलेजात शिकवायला निघाल्या. बसस्थानकावर मी धीर करून विचारलं, "ताई, गटप्रमुखपद गेलं त्याचं वाईट वाटलं का हो?"

"वाटलं की. लय वाटलं. दोन दिवस धड जेवले न्हाई." बस लागली होती. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या. "पण लपवलं असतं ना, तर माझं बाकीचं काम बी मला खरं वाटलं नसतं."