फक्त याच कामासाठी

आमच्या थोरल्या साडूंबद्दल मुरबाड तालुक्यात कोणालाही काहीही माहीत नाही, आणि तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे ती एवढीच गोष्ट. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. धसईच्या पुढे गाव, भाताची चार खाचरं आणि जन्मभर यष्टीत कंडक्टर. धुवट सदरा घालून, हातात पिशवी घेऊन ते स्टँडवर उभे असले आणि कोणी विचारलं, कुठं निघालात, तर उत्तर ठरलेलं, "जाऊन येतो." एकदा काशीला जाऊन पंधरा दिवसांनी परत आले, तेही "जाऊन येतो" एवढंच सांगून. मी एकदा वैतागून म्हटलं, दादा, त्यापेक्षा सरळ थाप मारत जा, म्हणजे समोरचा निदान समाधानानं घरी तरी जाईल. त्यावर म्हणाले, "खोटं कशाला बोलायचं? सांगायचंच नाय." आणि खरंच, गप्प बसण्याचे शंभर प्रकार त्यांना येत होते, पण खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

हे वळण नोकरीनं लावलेलं. मुरबाड-कल्याण गाडीत तीस वर्षं उभं राहिल्यावर माणसाला काय दिसत नाही? कोणाची सून डोळे पुसत माहेरी चालली, कोणाची मुलगी कॉलेज बुडवून कोणाच्या शेजारी बसली, कोण कल्याणात कुठल्या डॉक्टरच्या दारात उतरलं. हे सगळं त्या माणसाच्या पोटात होतं आणि पोटातच राहिलं. धसईच्या बाजारात एका सासऱ्यानं त्यांना गाठलं, हॉटेलात बसवलं, जिलबी मागवली आणि हळूच विचारलं, की आमचे जावई शनिवारी तुमच्या गाडीला होते का आणि सोबत कोण होतं. साडूंनी जिलबी खाल्ली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाडीतलं गाडीत." सासरा अजून त्यांचं नाव काढलं की जिलबीचा हिशोब सांगतो.

माझं मुरबाडला स्टँडसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचा खरा ताप झाला तो मला. आधारकार्डाची एक प्रत काढायला हा माणूस अर्धा तास घ्यायचा. प्रत निघाली की मशीनचं झाकण स्वतः उचलून आत डोकवायचं आणि विचारायचं, पोटात काय राहिलं नाय ना? मग बाकड्यावर बसून प्रतीवर दोन तिरक्या रेघा मारायच्या आणि मध्ये लिहायचं, "फक्त गॅसच्या कामासाठी. दुसऱ्या कामी वापरल्यास वापरणारा जबाबदार." खाली तारीख, सही. एकदा इतकं लिहिलं की त्यात नाव गाव फोटो सगळं बुडालं आणि कारकुनानं प्रत परत पाठवली. रेशनच्या दुकानात अंगठा लावला की खिशातून रुमाल काढून ती काच पुसायची. शेतकामानं रेघा झिजल्यामुळे चारपैकी तीन वेळा अंगठा जुळायचाच नाही, दुकानदार कपाळाला हात लावायचा आणि आमचे साडू खुशीत, "मशीनलापन मी गावत नाय." शहापूरला मुलीच्या साखरपुड्याचं कापड घेताना काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल नंबर मागितला, तर म्हणाले, कशाला, साडी बरी दिसते का ते विचारायला फोन करणार काय? नंबर दिला नाही. साडी मिळाली, बिल मात्र माझ्या नंबरवर निघालं, आणि आजतागायत त्या दुकानाचे सेलचे मेसेज मला येतात.

अशा माणसाला कोणीतरी सांगितलं की आता खाजगी माहिती जपायचा कायदा झालाय. झालं! वर्तमानपत्रातलं कात्रण माझ्याकडून लॅमिनेट करून घेतलं आणि खिशात ठेवलं. आता विचारल्याशिवाय कोणी आपली माहिती घेऊ शकत नाय, घेतली तर तिसऱ्याला देऊ शकत नाय, दिली तर कोटींत दंड. मला हसू यायचं. दिवसभर मी दुसरं काय करतो? लोक समोर बसतात, पडद्यावर दोन फूट इंग्रजी येतं, खाली चौकोन असतो, "मला मान्य आहे". तो मी दाबतो. माझ्या या एका बोटानं अर्ध्या तालुक्याची संमती देऊन टाकली आहे आणि त्यात काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलेलं नाही. हे त्यांना सांगितल्यावर ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. म्हणाले, "पावणे, तुमी मानूस हाव का शिक्का?"

मग त्यांच्या मुलीला टीबी निघाला. पोरगी मुरबाडच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी, सापगावच्या मुलाशी लग्न ठरलेलं. आणि इथं या न सांगणाऱ्या माणसानं काय करावं? स्वतः उठून सापगावला गेला आणि मुलाला, मुलाच्या आईबापांना समोर बसवून सगळं सांगितलं. सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, बरी होते, पटत असेल तर पुढं जाऊ. माणसं चांगली. मुलगा म्हणाला, मला फरक पडत नाही, गोळ्या संपल्या की लग्न करू. म्हणजे ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगून झालं होतं, बाकी कोणाचा संबंध नव्हता. साडूंचा खाजगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे, एवढं मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

साडूंच्या गावात टीबीच्या गोळ्या पोचवणारी एक ताई आहे. भर पावसात ओढा ओलांडून घरोघरी जाणारी, गरीब बाई. ती माझ्या दुकानात यादी टाइप करून घ्यायला आली. तीन गावांतले नऊ पेशंट, नाव, वय, मोबाईल, आजार, सगळं. पाय सुजले होते तिचे. म्हणाली, तपासणीचा दिवस सांगायला पुन्हा नऊ घरं फिरायची आहेत. मी यादी टाइप केली, आणि दुकानात गर्दी होती, घाई होती, मी म्हटलं, अहो ताई, फिरताय कशाला, गावच्या ग्रुपवर टाका की. यादीत कोणाचं नाव आहे ते मला दिसत होतं. तरी म्हटलं. सवयीनं म्हटलं, जसा तो चौकोन दाबतो तसं.

तिनं टाकली. वर हात जोडलेलं चित्र टाकून, "खालील सर्वांनी सोमवारी न चुकता यावे." तासाभरात ती यादी धसईला, संध्याकाळी शहापुरात, दुसऱ्या दिवशी सापगावच्या भावकीच्या ग्रुपवर. फक्त आमच्या साडूंपर्यंत पोचली नाही, कारण त्यांच्याकडे बटणाचा फोन. त्यांना ती कळली सापगावहून माणसं आली तेव्हा. मुलाचे वडील मान खाली घालून म्हणाले, "आमची अडचन नाय हो. पन आता लोकांत झालंय." हरामखोर लोक! ज्यांना ठाऊक होतं त्यांना चाललं असतं, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांनी लग्न मोडलं.

साडू लॅमिनेट केलेलं कात्रण घेऊन निघाले. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. एकानं सांगितलं, कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. दुसऱ्यानं सांगितलं, ऑनलाइन करा, मोबाईलवर ओटीपी येईल. तिसऱ्यानं अर्ज घ्यायची तयारी दाखवली, पण म्हणाला तीन प्रती लागतील, त्यात मुलीचं पूर्ण नाव, आजार काय ते स्पष्ट लिहा, पुराव्याला ती यादी जोडा, मुलीच्या आधारची झेरॉक्स जोडा. आणि मागच्या टेबलाला ओरडून सांगितलं, अहो, ते टीबीवाल्या मुलीचे वडील आलेत, फाइल घ्या. बाकावर वीस माणसं बसलेली.

प्रती काढायला ते माझ्याकडेच आले. सोबत मुलगी होती, तोंडाला ओढणी. अर्ज कोणाविरुद्ध, हा रकाना तेवढा राहिला होता आणि त्यात ताईचंच नाव जाणार होतं, कारण कायद्याच्या हाताला लागणारं सगळ्यात खालचं माणूस तेवढंच होतं. साडूंनी पेन उघडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, नको. जितकं लिवाल तितकं वाचतील." त्यांनी तरी पेन रकान्यावर टेकवलं. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, दादा, ताईला मीच सांगितलं होतं ग्रुपवर टाकायला. माझं नाव लिहा.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ठाव हाय. सापगावची मानसं येऊन गेली त्याच दिवशी ताई बोलली." म्हणजे महिनाभर हा माणूस माझ्या घरी येत होता, माझ्या हातचं पाणी पीत होता. त्यांनी चार घड्या करून अर्ज खिशात ठेवला आणि दोघं धसईच्या गाडीला निघून गेली.

पोरगी बरी झाली आहे. जीपनं कंपनीत जाते, आणि दाटीनं भरलेल्या जीपमध्ये तिच्या शेजारी मात्र वीतभर जागा राहते. साडू अजून झेरॉक्स काढायला येतात, पण आता झाकण उचलत नाहीत, रेघाही मारत नाहीत. प्रत घेतात, तशीच पिशवीत टाकतात. म्हणून हल्ली मीच झाकण उचलून बघतो, मीच त्यांच्या प्रतीवर दोन रेघा ओढतो आणि मध्ये "फक्त याच कामासाठी" असं लिहून देतो. ते वाचतात की नाही, माहीत नाही.

परवा घरी चहाला आले होते. माझी बायको अजून त्या यादीवरून जळफळते. तिनं कप पुढं करत विचारलं, "पण दाजी, ग्रुपवर टाकायची अक्कल त्या बाईला दिली कोणी? तुमी एवढे फिरलात, कायच कळलं नाय?" मी माझा चहा बशीत ओतायला घेतला. साडूंनी चहाचा घोट घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं.

"नाय गो," ते म्हणाले, "कायच नाय कळलं."