गावाला गेल्यावर

उखर्डू चौधरींची, म्हणजे भाऊंची, घरापेक्षा एसटीत जास्त झोप झाली असेल. घर जळगावला, मेहरूणमध्ये. विमा कंपनीचं ऑफिस धुळ्याला. इतकी वर्षं अप-डाऊन करून भाऊंची मान पारोळ्याच्या वळणावर आपोआप शेजाऱ्याच्या खांद्यावर पडे. त्यांना आता एकच हवं होतं, जळगावला बदली.

सत्त्याण्णव साली कॉम्प्युटरवर काढायचा नवा विमा आला. पडद्यावर प्रश्न येणार, भाऊंनी ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे आणि उत्तर तिथंच भरायचं. पहिली बाई 'आपल्या मृत्यूनंतर' एवढंच ऐकून उठली आणि जिना उतरेपर्यंत भाऊंच्या घराण्याचा उद्धार करत गेली.

"चौधरी, प्रश्न जरा गोड करा," मोठे साहेब म्हणाले. "पुढची चाचणी पार पडली, की तुमची बदली."

यमाची नजर लागू नये म्हणून आईबापांनी ज्याचं नाव उखर्डू, म्हणजे उकिरड्यावरचा, असं ठेवलं, त्यालाच मरणाला गोड नाव शोधायला बसवलं होतं. भाऊंना आठवलं, लहानपणी कुणी वारलं की आजी म्हणायची, तो गावाला गेला. त्यांनी लगेच घरी चाचणी घेतली.

"मी गावाला गेल्यावर पैसे कुणाकडे द्यायचे?"

"रोजच तर जाता," त्यांची बायको सुनंदाबाई भाकरी उलटत म्हणाल्या. "मला कुठं जायचं असलं, तर किल्ली शेजारच्या ताईबाईकडे ठेवते, तिथंच पैसेही ठेवा."

भाऊ तोपर्यंत भिंतीला टेकून घोरत होते.

चाचणीला गिऱ्हाईक म्हणून भिकुबाई आल्या. भाऊंनी वाचलं, "आपण गावाला गेल्यावर पैसे कोणाला द्यायचे?"

"शेजारनी कमलबाईले," भिकुबाईंनी झटक्यात सांगितलं.

गिऱ्हाईक मधेच न उठता पडद्यावर 'धन्यवाद' उमटलं. साहेबांनी भाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि बदलीच्या कागदासाठी पेन काढलं.

भाऊ मात्र भिकुबाईंकडे वळले. "अक्का, कमलबाई तुमच्या कोण?"

"कोनी नही. मी गावले जास तवय कोंबड्या तीच देखस."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं. गप्प बसलं असतं, तर आज संध्याकाळची बस ही धुळ्याहून शेवटची ठरली असती. पण उद्या भिकुबाईंच्या पोरांनी कमलबाईच्या दारात उभं राहायचं, हे काही भाऊंना गिळवेना.

"अक्का, मरानी गोट शे ती, मरणाची," ते हळूच म्हणाले.

भिकुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग तसं सांगा ना भाऊ. पोऱ्याले देसू. कमलबाईले कसाले? ती तर अंडाबी चोरस."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "चौधरी, तुमच्याशिवाय हे जमायचं नाही. सगळे प्रश्न नव्याने लिहा. होईपर्यंत बदली नाही, ऑफिस धुळ्याचंच."

रात्री सुनंदाबाईंनी विचारलं, "झालं का बदलीचं?"

"उद्या गावाला जायचंय," भाऊ म्हणाले आणि डबा घासायला टाकला.