न टेकवलेलं पेन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, खरं तर आजही नाही. वाड्यावस्त्यांवर फिरायची नोकरी, त्यामुळे असले किस्से पोतंभर ऐकले आणि सांगणाऱ्यांची यथेच्छ टिंगलही केली. हा प्रसंग मात्र आजवर कुणाला सांगितला नाही… कारण सांगायला गेलं की मीच उघडा पडतो.

नव्वदीच्या दशकाची अखेर. मी बीड जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ, मुक्काम शिरूर कासार. काम सोपं — रुग्णाने डोळे मिटायचे, मी बॉलपेनचं टोक त्याच्या हाताला हलकेच टेकवायचं, कळलं तर त्याने तिथे बोट ठेवायचं. नाही ठेवलं तर ती जागा बधिर. माझा क्रम ठरलेला: मनगट, अंगठ्याचं मूळ, करंगळी आणि पुन्हा मनगट.

अंकुश तिशीतला, ऊसतोडीला जाणारा. डाव्या हातावर चट्टा. दसऱ्यानंतर निघताना त्याला सहा महिन्यांच्या गोळ्या सोबत दिल्या होत्या. परतला तो चट्टा लाल, फुगलेला, आणि अंगावर मांस नाही. मी भडकलोच, "गोळ्या चुकवल्या ना रे?" तर त्याच्या बायकोने, सुमनने, रिकामी पाकिटं माझ्यापुढे ओतली. एकही गोळी चुकली नव्हती. मी खजील झालो.

डॉक्टर म्हणाले, रिअ‍ॅक्शन आहे. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच जंतूंवर तुटून पडते आणि त्या मारामारीत नस मरते. ते शमवायला स्टेरॉइड सुरू केलं. पण अंकुश वाळतच चालला, म्हणून रक्त तपासलं. निकाल मला एसटीडी बूथवर, फोनवर कळला — एचआयव्ही. म्हणजे एक रोग प्रतिकारशक्तीला भडकवत होता, दुसरा तिलाच पोखरत होता, आणि आमचं औषध तिला आणखी दाबत होतं. एचआयव्हीची औषधं तेव्हा आमच्याकडे नुसती ऐकिवात होती.

पुढच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसला, सवयीने डोळे मिटले, उजवं बोट तयार ठेवलं. आणि मला… भीती वाटली. हात लावल्याने काही होत नाही, असं गावोगाव भाषण ठोकणारा मी! एचआयव्हीबद्दलही तेच वाचलेलं. तरी हात पुढे जाईना. पेन हवेतच राहिलं.

"टेकवलं का सायेब?"

"टेकवलं."

"कुटं?"

"मनगटावर."

त्याचं बोट तसंच अधांतरी. "कायच कळंना सायेब… गेला म्हना हात." मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी कार्डावर 'बधिर' लिहिलं आणि निघून आलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तीन आठवड्यांनी अंकुश गेला. शेवटी क्षयाने गाठलं होतं.

घरातल्यांना तपासावं लागतं, म्हणून दहावा झाल्यावर सुमनकडे गेलो. तिच्या रक्ताचा निकाल अजून यायचा होता. भर दुपार. सासू उंबऱ्यात बसलेली. सुमनने डोळे मिटले, मी पेन काढलं, आणि पुन्हा तीच भीती. पेन हवेतच… तेवढ्यात तिने बोट उचललं आणि डाव्या मनगटावर ठेवलं. मग अंगठ्याच्या मुळाशी. मग करंगळीवर. मग पुन्हा मनगटावर.

"सुमनबाई, मी अजून टेकवलं नाही," मी कसाबसा बोललो.

"आसं कावून म्हनता? टेकवलं की. लई हळू… पन कळायलंय."

सासू माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती. तिने पदर तोंडाला लावला.

मी पेन खाली ठेवलं आणि सुमनच्या हातावर माझा अख्खा पंजा ठेवला.

"हां," डोळे न उघडता ती म्हणाली, "हे तुमी. मगाचं न्हवतं."

नवऱ्याची तपासणी बघून क्रम पाठ झाला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. मगाचं कुणाचं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

सुमनचा निकालही तोच आला. ती होती तोवर दर महिन्याला तिचा हात हातात घेऊन तपासत राहिलो. अंकुशचं कार्ड मात्र मी तिला पहिल्यांदा तपासलं त्याच संध्याकाळी काढलं होतं. 'बधिर' खोडलं आणि पुढे लिहिलं — तपासले नाही.