एका शेळीमागे

आमचे बाबा शाळेतून निवृत्त झाले, विज्ञान शिकवण्यातून नाही. मी चहा गाळायला घेतला तरी मागे येऊन गाळणक्रिया समजावून सांगतील. रेवदंड्याच्या घरात त्यांना विद्यार्थी उरले होते दोनच, आई आणि आईची शेळी. गेल्या हिवाळ्यात आई गेली आणि वर्गात शेळी एकटीच राहिली.

शेळीवरून त्यांचा एक ठरलेला वाद असायचा. रोज सकाळी कामं आटपली की आई म्हणायची, "हिला जरा फिरवून आणते," आणि यायची थेट जेवणाच्या वेळेला. बाबा पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, "एका शेळीला फिरवायला एवढा वेळ?" आई काही बोलायची नाही, पानं घ्यायची. वर्षानुवर्षं हेच.

आई गेल्यावर बाबा फाटकाबाहेर पडेनासे झाले. सामान रिक्षावाला आणून द्यायचा. फोनवर माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवलो" आणि "ठेवतो". मी पनवेलला असते. माझ्या जिवाला घोर लागला होता. म्हणून मे महिन्यात मी ठरवूनच आले की बाबांना कायमचं घेऊन जायचं. शेळी मुरुडला मावशीकडे जाणार होती, संध्याकाळी मावसभाऊ टेम्पो घेऊन येणार होता. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बॅग उघडून तिच्यात चार पुस्तकं घातली आणि तशीच उघडी ठेवून ओटीवर जाऊन बसले.

मग जाता जाता पाणी पाजावं म्हणून त्यांनी शेळीला सोडलं. तिने मानेला एक हिसका दिला, दावं त्यांच्या हातातून सुटलं आणि शेळी फाटकाबाहेर.

मी धावणार, तोच बाबांनी हात आडवा केला. "धावायचं नाही. ही शास्त्रीय पद्धतीने पकडायची."

झालं! भर उन्हात तास सुरू. बाबा चालता चालता शिकवत होते आणि मी छत्री नि पाण्याची बाटली घेऊन मागे. माणूस हा धावण्यात तसा मंद प्राणी, पण चिवट. अंगावर दाट केस नाहीत, घाम येतो, त्यामुळे त्याचं अंग चालता चालता थंड होत राहतं. हरणासारखं जनावर धापा टाकून थंड होतं, आणि चौखूर उधळताना त्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. म्हणून आपले पूर्वज म्हणे टळटळीत दुपारी हरणामागे निघायचे. ते पळालं की माग काढायचा, सावलीला टेकलं की उठवायचं, शेवटी ते उष्णतेने कोसळायचं. आफ्रिकेच्या वाळवंटात काही लोक अगदी अलीकडेपर्यंत अशी शिकार करत. टाचेमागची जाड शीर, लांब पाय, हा घाम, सगळं त्यातूनच घडलं असेल असं काही शास्त्रज्ञ मानतात.

"काही म्हणजे? सगळे नाही?"

"सगळ्यांना पटलेलं नाही," बाबा नाइलाजाने म्हणाले. खोटं शिकवणं त्यांना जमत नाही.

घामाचा भाग मात्र त्यांनी सिद्ध करून दाखवला. सदरा पाठीला चिकटला होता. शिकारीची अडचण वेगळीच होती. शेळी पळतच नव्हती. ती आपली रमतगमत पुढे चालली होती, बाबा जवळ गेले की चार पावलं पुढे. आणि हे काही वाळवंट नव्हे. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, पाटाला पाणी, गार सावली. हरीण इथे जन्मलं असतं तर माणसाची उत्क्रांती व्हायची राहून गेली असती. मी तसं म्हटलंही. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्याच वळणावर शेळी एका फाटकापाशी थांबली आणि ओरडली. बाबा दबकत निघाले. तेवढ्यात आतून सुकत घातलेली मासळी राखणारी म्हातारी फणसाची सालं घेऊन बाहेर आली.

"अगो बाय, गुरुजी! तुमी व्हय? मला वाटलं शेळी एकलीच आली. या, बसा."

आता आमच्याकडे कुणी "या, बसा" म्हटल्यावर पुढे निघून जाता येत नाही. आदिमानवाला ही अडचण नसावी. बाबा बसले. शेळीने सालं खाल्ली, बाबा कोकम सरबत प्यायले, आणि ते संपताच शेळी पुढे निघाली.

पुढच्या फाटकात केळीची सालं निघाली. त्यापुढच्या घरातल्या चाचींनी भाजीचे देठ एका पिशवीत बाजूला काढूनच ठेवले होते. "रोज ठेवते," त्या म्हणाल्या, "ठेवायची सवय जात नाही, मास्तर. तुमच्या घरच्या बाई आल्याशिवाय माझी सकाळच व्हायची नाही." त्या कुणाबद्दल बोलत होत्या ते बाबांना तिथे कळलं. त्यांचं शिकवणं थांबलं.

शेळी पळून गेलीच नव्हती. ती आईच्या फेरीला निघाली होती.

कोटाच्या पडक्या भिंतीला वळसा घालून ती किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली जाऊन बसली. दावं वाळूत लोळत होतं. बाबांनी ते उचललंही नाही, शेजारी बसले. सुरूच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता, एका माणसाला टेकायला पुरेल एवढा, वापरून गुळगुळीत झालेला. बाबांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी एकदाही तिच्याबरोबर आलो नाही गं." मला रडू आलं. बाबांनी तोंड पुसलं, आणि तो घाम आहे असं आम्ही दोघांनीही मानलं.

संध्याकाळी टेम्पो आला. बाबांनी मावसभावाला चहा दिला, गाळणक्रिया समजावून सांगितली आणि रिकामा टेम्पो परत पाठवला. मग बॅगेतली पुस्तकं काढून कपाटात लावली. दुसऱ्या दिवशी एसटीने मी एकटीच पनवेलला आले.

आता सकाळी फोन केला तर बाबा उचलत नाहीत. जेवणाच्या वेळेला त्यांचाच येतो, आणि कोणाच्या सुनेला मुलगी झाली इथपासून सगळं सांगतात. परवा तर दोन वाजून गेले तरी फोन नाही. माझा जीव खालीवर. शेवटी आला तेव्हा मी चिडून विचारलं, "एका शेळीला फिरवायला एवढा वेळ?"

पलीकडे बाबा काही बोलले नाहीत. ताट मांडल्याचा आवाज आला.