फाटकाकडे पडणारा फणस

फणस पत्रा फोडून आत आला तेव्हा मी कमोडवर बसले होते. माझ्या पाठीमागची फ्लशची टाकी फुटली, टाकीबरोबर कमोड तडकलं, आणि मी दाराची कडी उचकटून बाहेर आले. (गुडघ्यांमुळे मी कित्येक वर्षं धावले नव्हते. त्या दिवशी धावले.) माझ्या मागोमाग फणस बाहेर आला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. तो अंगणातून गडगडत थेट फाटकाला जाऊन टेकला.

शिडीवरून म्हातारा म्हणाला, "बघ. गेला का नाय फाटकाकडं?"

म्हातारा म्हणजे माझा नवरा. आमचं घर कशेळ्याच्या पुढं, टेकडीच्या उतारावर. अंगण एवढं उतरतं की हातातून लिंबू सुटलं तर ते फाटकात सापडतं. पातेलं सुटलं तर तेही फाटकात. एकदा जावयाच्या ताटातला लाडू निसटला, तो फाटकात गेला. (जावई चांगला आहे, त्यानं दुसरा मागितला नाही.) जन्मभर हेच बघितल्यावर आम्हा दोघांची खात्री झाली होती की इतरांच्या वस्तू खाली पडतात, आमच्या फाटकाकडं पडतात.

आता संडासाचं सांगते. तो माझ्यासाठीच बांधलेला. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मुलानं कमोड बसवून दिलं. तसलं दुसरं कमोड वाडीत एकच, माझ्या धाकट्या जावेकडं. आणि मरेन पण तिच्या दारात जाणार नाही, असं मी वाडीभर सांगून ठेवलेलं. तिच्या शेळीनं माझ्या मिरच्या खाल्ल्या, तेव्हा मी शेळीला बोलले, आणि बोलता बोलता जावेच्या माहेरापर्यंत पोचले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

यंदा नेमका संडासाच्या पत्र्यावर आलेल्या फांदीला एक दांडगा फणस धरला. तो पिकून आपोआप पडला तर संडास गेला. संडास वाचवायचा म्हणून फणस आधीच उतरवायचं ठरलं. त्याची रीत कुणालाही ठाऊक आहे. देठाला दोर बांधायचा, दोर वरच्या फांदीवरून घ्यायचा, देठ कापायचा आणि खालच्या माणसानं दोर हळूहळू सोडायचा. पण आमचा दोर जावेकडं गेलेला. आणि मागणार कोण?

म्हातारा म्हणाला, "दोर कशाला? आपल्या अंगणात काय पण पडलं तर कुठं जातं? फाटकाकडं. मग फणस काय येगळा हाय?"

मला पटलं. नुसतं पटलं नाही, मी पुरावा काढला. संडासाजवळ उभी राहून हात वर करून लिंबू सोडलं. लिंबू फाटकात. आणखी काय पाहिजे?

जाऊ वरच्या बाजूला तिच्या ओट्यावर उभी राहून हे बघत होती. ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून शेळीला म्हणाली, "ऐक गं, फणस आधी सरळ खाली येतो. मंग जातो कुठं जायचा तो. पत्रा फुटंल त्यांचा. दोर हितं ओट्यावर ठेवलाय, त्यांना सांग."

आता ती म्हणते म्हटल्यावर फणस सरळ खाली येणं शक्यच नव्हतं.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "अवो, तुमी कापा. मी आत जाऊन बसते." आणि शेळीच्या डोळ्यांत डोळे घालून मी आत गेले, दार लावलं, कडी घातली.

बसल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. लिंबू फाटकात गेलेलं मी बघितलं होतं. हातातून सुटल्यावर ते आधी कुठं टेकलं, ते बघितलंच नव्हतं. माझ्या पायाशी टेकलं होतं बहुतेक. म्हाताऱ्याला हाक मारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वर देठावर कोयता बसला.

कशेळ्याहून गवंडी आला. भिंतीला हात लावून म्हणाला, हीपण गेली आहे, पावसाळा झाल्यावर बघू. म्हातारा अजून सांगतो की फणस गेला फाटकाकडंच, वाटेत संडास आला त्याला तो काय करणार.

मी आता रोज सकाळी जावेकडं जाते. तिचं घर वरच्या अंगाला. खाली असतं तर मी आपोआप पोचले असते, वर मात्र काठी टेकत चढावं लागतं. पहिल्या सकाळी ती शेळीला मध्ये न घालता माझ्याशीच बोलली.

"जाऊबाय, सरळ आलात, का फाटकाकडनं?"

मी तिच्या बाजूनं तशीच आत गेले. मला बसायचं होतं.

फणस त्यातून वाचला, घरात पिकला आणि गोड निघाला. निम्मे गरे जावेकडं पाठवावे लागले. म्हातारा वाचला. शेळी वाचली, तिनं यंदाच्याही मिरच्या खाल्ल्या. मीही वाचले, असं सगळे म्हणतात.