दाजींची सहावी पायरी

आमच्या दाजींशी पहिल्या झटक्यात एकमत झालं असा माणूस अजून जन्माला यायचाय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौदीतल्या यान्बूच्या एका रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर, आणि मला या वाळवंटात नोकरीला ओढून आणणारेही तेच. "आज फार ऊन आहे हो," असं त्यांना सहज म्हणून बघा. "ऊन नाही, दमटपणा आहे. ऊन वेगळं." बरं, दमटपणा तर दमटपणा म्हणावं, तर लगेच, "समुद्राकाठी राहून दमटपणाची तक्रार कसली करतोस?" गाडीतल्या नकाशाची बाई डावीकडे वळा म्हणाली की हे उजवीकडे वळणार, आणि वर तिला समजावणार, "बाई, तू इथे कधी आलीयस का? मी वीस वर्षं राहतोय." त्या बिचारीने मुकाट्याने नवा रस्ता काढला की विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत म्हणणार, "बघ, पटलं तिला." माझ्या लग्नात ते भटजींशी मुहूर्तावरून असे काही भिडले, की अक्षता पडल्या तेव्हा मुहूर्त केव्हाच टळला होता, असं माझी सासू अजून ऐकवते. ताई या सगळ्यावर एकच बोलायची, "बघू." भांडायला दोन माणसं लागतात, आणि आमची ताई ते दुसरं माणूस व्हायला कधी तयारच नसायची. ताईला जाऊन आता वर्ष होत आलं. दाजींचं काहीही सांगायचं तर तिच्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. मागाहून सांगायला माझी जीभ रेटली नसती.

तर असा हा हाडाचा वादी माणूस चिनी लोकांना 'इंग्रजीतून विरोध कसा करावा' हे शिकवायला लागला. त्याचं असं झालं, की नवं युनिट उभारायला एका चिनी कंत्राटदाराची माणसं साइटवर आली होती. त्यात लिन नावाचा पाइपिंग इंजिनिअर होता. तिशी ओलांडलेला, बायको आणि लेक तिकडे चीनमध्ये ठेवून आलेला, कामात एकदम चोख. पण काहीही विचारा, उत्तर एकच, "ओके, ओके." एके दिवशी परांचीचा एक जोड सैल असल्याचं त्याला सकाळीच दिसलं होतं. त्याच्या साहेबाने विचारलं, चालेल ना? हा म्हणाला, ओके. दाजींची नजर वेळेवर पडली म्हणून बरं, नाहीतर माणसं वर चढायचीच होती. दाजींनी काम थांबवलं आणि लिनला बाजूला घेतलं. "तुला दिसलं होतं, मग बोलला का नाहीस?" लिन बुटांकडे बघत म्हणाला, की साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं हे त्याला इंग्रजीत येत नाही. "चिनीत तरी येतं का?" "चिनीत आम्ही म्हणतो, अभ्यास करून सांगतो." दाजी ओरडलेच, "अरे, मग तू आमच्या हिचाच भाऊ! ती म्हणते, बघू!" त्या शनिवारी लिन दाजींकडे चहाला आला, पुढच्या शनिवारी आणखी चौघांना घेऊन आला, आणि जेवणाच्या टेबलावर दाजींची शाळा भरू लागली.

या शाळेत नकाराच्या सहा पायऱ्या होत्या. सगळ्यात खालची, "आय सी युवर पॉइंट, बट." ही जावयाने सासऱ्याशी बोलायची. दुसरी, "आय ॲम नॉट सो शुअर." ही भाजी अळणी झालीय हे बायकोला कळवायची. तिसरी, "आय ॲम अफ्रेड, आय कान्ट अग्री." इथे लिनने हात वर केला. "टीचर, अफ्रेड का? घाबरायचं कोणाला?" दाजी म्हणाले, "घाबरायचं कोणालाच नाही. घाबरल्यासारखं दाखवायचं, म्हणजे साहेब खूश होतो." चौथी, "आय सी इट डिफरंटली." पाचवी, "आय बेग टू डिफर." ही म्हणताना दाजी स्वतः उभे राहायचे, छातीवर हात ठेवून कमरेत वाकायचे, आणि पाचही चिनी इंजिनिअर खुर्च्या सरकवून त्यांच्याबरोबर वाकायचे. आत ताई हसू दाबत कांदा चिरायची. आणि सहावी पायरी म्हणजे नुसतं "नो." ही ऊठसूट वापरायची नाही. जिवावर बेतलं तरच. पण एकदा कोणी "नो" म्हणालं, की समोरच्याने हातात असेल ते खाली ठेवायचं. पाना असो, पेन असो, चहाचा कप असो. कारण विचारायचं ते नंतर. "हात रिकामे झाल्याशिवाय माणूस ऐकत नाही," असं दाजी साइटवरही सांगायचे आणि टेबलावरही. या इंग्रजीच्या जोडीला चिनी मंडळींना एक मराठी शब्दही पक्का येऊ लागला होता, तो म्हणजे बघू. ताईच्या तोंडून तो आला की पाचही जण एका सुरात म्हणायचे, "मीन्स नो!"

या सहाव्या पायरीची आणि ताईची पहिल्याच महिन्यात टक्कर झाली. ताईच्या दारी आलेला माणूस उठताना टेबलाचा आधार घेत नसेल तर तिला तो उपाशी गेल्यासारखा वाटायचा. ती लिनला आणखी एक थालीपीठ वाढायला आली. तो बिचारा "आय सी युवर पॉइंट"पासून सुरू झाला आणि एकेक पायरी चढत, मध्ये वाकून वगैरे, शेवटी कळवळून म्हणाला, "नो!" दाजी गरजले, "अगं, खाली ठेव!" "खाली कुठे ठेवू? ताटातच ठेवते की," म्हणत तिने थालीपीठ लिनच्या ताटात ठेवलं आणि वर लोण्याचा गोळा. "पाहुण्याचं पहिलं नको खरं नसतं, दुसरंही नसतं. तिसऱ्याचं बघू." लिन म्हणाला, माझी आई डिट्टो अशीच. सगळे हसले. दाजी मात्र हिरमुसून बसले. "या घरात नियमाला काडीची किंमत नाही," असं बराच वेळ पुटपुटत होते.

ताईचं पोट दुखायला लागलं तेव्हा दाजींनी आधी दुखण्याशीच वाद घातला. हा गॅस आहे, ही ॲसिडिटी आहे. मग जेद्दाहच्या हॉस्पिटलात कॅन्सर निघाला. तिथले डॉक्टर आपल्या कोल्हापूरकडचे होते, फार भला माणूस. दाजी त्यांच्यापुढे प्रत्येक रिपोर्टला पायऱ्या चढत होते. रिपोर्ट बदलला नाही. सगळी औषधं करून झाली, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "काका, आता औषधाचा त्रासच जास्त होईल. त्यांना काय हवंय ते विचारा ना." दाजी म्हणाले, "आय बेग टू डिफर," आणि वाकायचं विसरले.

ताईला काय हवंय ते विचारायची गरजच नव्हती. ती आपणहून सांगत होती. "नाशिकच्या घरी जाऊ या का हो? थंडी पडली असेल. गच्चीत उन्हाला बसेन म्हणते." दाजी म्हणायचे, "जाऊ की, बरी झालीस की लगेच जाऊ." त्यांनी रियाधचं एक हॉस्पिटल शोधून काढलं होतं, तिथे आणखी एक औषध देऊन बघायला तयार होते. "नको हो आता," ताई म्हणायची. "अगं, नको काय? एकदाच." "नको." "हे शेवटचं." मग ती थकून म्हणायची, "बघू." आणि दाजी मला फोन करून सांगायचे, "तयार झाली रे ती!" आता काय बोलणार, कपाळ! जगाला "बघू"चा अर्थ शिकवणारा हा माणूस! पाहुण्याच्या पानात पोळी वाढावी तसं ते तिच्यापुढे एकेक औषध वाढत होते, आणि तिचं प्रत्येक नको आग्रहातलं नको समजून चालले होते. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? आपलं माणूस हातातून निसटत असताना त्याचं "नको" कोणाला ऐकू येतं?

रियाधला निघायच्या दिवशी दुपारी मी एअरपोर्टला सोडायला म्हणून गाडीची किल्ली घेऊन वर गेलो. लिनही आला होता, थर्मासमधून सूप घेऊन. ताई सोफ्यावर शाल पांघरून बसली होती. दाजी तिच्या पायांशी जमिनीवर बसून तिला चपला घालत होते. पाय सुजले होते, पट्टा बसत नव्हता. "यल्ला, चल, झालंच," दाजी म्हणत होते, "तिथले डॉक्टर फार हुशार आहेत म्हणे. आठवड्यात फरक पडेल बघ." ताई म्हणाली, "बघू." लिन हलक्या आवाजात म्हणाला, "टीचर, शी सेड बघू." दाजींनी वर पाहिलंच नाही. "आय सी इट डिफरंटली," असं म्हणून त्यांनी दुसरी चप्पल उचलली.

तेव्हा ताई म्हणाली, "नो."

आवाज चढवला नाही, काही नाही. मराठीत तिने इतके दिवस सांगून पाहिलं होतं. एवढे शनिवार ओट्याशी उभं राहून ऐकलेल्या शाळेतला एकच शब्द तिने उचलला, सगळ्यात वरच्या पायरीवरचा. लिनने थर्मास खाली ठेवला. मी किल्ली टेबलावर ठेवली. दाजी चप्पल धरून तसेच बसले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता वाद घालणार. मनात म्हटलंही, घाला दाजी, आजच्या दिवस तुम्हीच जिंका. मग त्यांनी हातातली चप्पल हळूच जमिनीवर ठेवली, दुसऱ्या पायातली काढून तिच्या शेजारी ठेवली, आणि ताईच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. ताई त्यांच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "कारण नंतर विचारा हं."

त्यांनी ते कधीच विचारलं नाही. नाशिकला तिला थंडी मिळाली, अगदी हवी तशी. सकाळी दाजी तिला गच्चीत खुर्चीवर बसवायचे आणि शेजारी बसून संत्री सोलायचे. ती म्हणायची, "स्वेटर घाला हो, थंडी आहे." "थंडी नाही, गारवा आहे. थंडी वेगळी." ती हसायची. हसताना दुखायचं तिला, तरी हसायची. संक्रांतीचे तीळ घरात आले होते, लाडू वळायचे राहिले होते, तेव्हा ती गेली.

दाजी यान्बूला परत आले. नोकरीची मुदत बाकी होती, आणि नाशिकच्या त्या गच्चीत एकट्याने बसवत नाही म्हणाले. शाळा शनिवारी भरते. नवी मंडळी आली आहेत. लिन आता साइटवर साहेबासमोर व्यवस्थित वाकून "आय बेग टू डिफर" म्हणतो, आणि साहेब ऐकतो. दाजी पाच पायऱ्या शिकवतात, पूर्वीच्याच जोशात. सहावी आली की म्हणतात, "ही लिन सांगेल, मी चहा टाकतो," आणि आत जातात.

गेल्या शनिवारी मीही त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. दूध तापत होतं, दाजी ताईच्या किसणीवर आलं किसत होते. "आलं जास्त होतंय," मी म्हटलं. "जास्त नाही, पुरेसं. जास्त वेगळं," ते म्हणाले. बाहेर लिनचा आवाज आला आणि त्यामागोमाग सगळ्या वर्गाचा, एका सुरात, "नो!"

दाजींनी किसणी खाली ठेवली. आलंही ठेवलं. दोन्ही हात रिकामे करून ते ओट्याशी उभे राहिले, कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून थांबल्यासारखे. दूध वर आलं. मी गॅस बंद केला.