ठाणेदारापुढे रोवलेली तलवार

बादगच्या हातून उभ्या आयुष्यात माशी मेली असेल, तर ती दुधात पडून. मेलेल्या घोड्यांचे खूर भिजवायचे, चिरायचे, त्यांचे खवले करून चिलखतावर शिवायचे, हा त्याचा धंदा. चिलखत दुसऱ्याने घालावं, लढाईला तिसऱ्याने जावं, एवढीच त्याची इच्छा. बायको सोर्खा मात्र जिभेची तिखट. रोमनांच्या छावणीच्या दारात लोकर दाबून केलेले जाड नमदे विकता विकता लॅटिन शिकलेली, आणि भांडण शक्यतो त्याच भाषेत करणारी.

त्या हिवाळ्यात बर्फावर काचेसारखं कवच धरलं. ते खुरांनी फुटेना, खालचं गवत मिळेना. बादगच्या अकरा गाभण घोड्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. डॅन्यूबपलीकडे, रोमनांच्या बाजूला, बोरूच्या बनात चारा होता. पण तिकडे जायला अलीकडच्या काठावरल्या छावणीतल्या ठाणेदाराची परवानगी हवी.

ठाणेदार लार्गुस रोमहून नवाच आलेला. बादगच्या काठावरल्या सगळ्या टोळ्यांना रोमन सार्मात म्हणत; त्याने असा माणूस पाहिला नव्हता, वाचला होता. कवनांतला सार्मात दाढीत बर्फ लोंबवतो, विषारी बाण मारतो, घोडीचं रक्त पितो. असल्यांना नदी ओलांडू देणार नाही, असं त्याने सोर्खाला सांगून टाकलं.

बादगला नवल वाटलं. "हे सार्मात राहतात तरी कुठं? आपण तर रोक्सोलानी."

"तेच आपण," सोर्खा म्हणाली. "लांबून पाहिलं की सगळी मेंढरं सारखीच."

शेवटी बादगने शपथ घ्यायचं ठरवलं. रोक्सोलानी माणसाची मोठी शपथ एकच: उघडी तलवार जमिनीत रोवायची आणि तिच्यासमोर बोलायचं. देव तीच, देऊळही तीच. त्याने सासऱ्याची जुनी तलवार काढली आणि सोर्खाला घेऊन छावणी गाठली. दारावरच्या शिपायाने अडवलं नाही. त्याच्या चिलखताचे पट्टे बादगच शिवायचा, आणि बादगच्या कमरेला तलवार पाहून त्याला हसूच फुटलं.

आत मात्र कोणी हसलं नाही. बादगने मान लववली, तलवार उपसली आणि दोन्ही हातांनी कचेरीच्या मातीच्या जमिनीत खचकन रोवली. लार्गुस मेजावर चढला. ठाणेदार आपल्या शपथेला उभं राहून मान देतोय, तोही इतक्या उंचावरून, हे पाहून बादग धन्य झाला. तो आणखी वाकला. लार्गुस आणखी मागे सरकला.

सोर्खाने शपथ लॅटिनमध्ये सांगितली: घोड्या फक्त गवत खातील, माणसं कुणाला हात लावणार नाहीत, वसंत आला की सगळे परत.

"मग ती तलवार काढायला सांग," लार्गुस वरून म्हणाला.

"नाही निघायची, साहेब. दुसऱ्या बाजूनेही मुठीवर हात ठेवायचा असतो. तोवर ती इथंच."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर हे ध्यानही इथंच बसणार. माझ्या राहत्या गाडीत तेवढीच जागा मोकळी होईल."

लार्गुस बराच वेळ वर राहिला. मग जेवणाची वेळ झाली. खाली उतरून त्याने तापल्या तव्याला लावावीत तशी दोन बोटं मुठीला लावली. दोन बोटं चालतात का, हे सोर्खाने नवऱ्याला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा घोड्या गोठलेल्या नदीवरून बोरूच्या बनात शिरल्या.

लार्गुसही गप्प बसणारा नव्हता. हिवाळाभर खपून त्याने लांबलचक कवन रचलं: दहा सार्मात कचेरीत घुसले आणि एकट्या ठाणेदाराने त्यांना शरण आणलं. रोमला धाडण्याआधी त्याने ते सोर्खाला वाचून दाखवलं. तिने नवऱ्याला अक्षरन् अक्षर सांगितलं. तो नुकतंच जन्मलेलं शिंगरू पुसत होता.

"त्यात घोड्या आहेत?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग ते दुसऱ्या कुणाबद्दल असेल," बादग म्हणाला, आणि शेजारची घोडी विते का ते बघायला गेला.